घासूनही पुन्हा काळे पडणारे ओट्याचे सांधे: दोष सांध्यात, टाइलमध्ये की आतल्या ओलीत?

सिंकमागचा कोपरा आणि शेगडीमागची पट्टी. स्वयंपाकघरातल्या टाइलची तक्रार बहुतेक वेळा या दोन जागांपासून सुरू होते. सांधे काळे पडतात, आपण ब्रश घेऊन घासतो, चार दिवस सगळं लख्ख दिसतं आणि काही आठवड्यांत काळी रेघ तिथेच परत उमटते. मग आणखी जालीम क्लीनर घरात येतो.

माझ्या ओट्यावर हे तीनदा झालं. पहिल्यांदा घासल्यावर सांधे सुमारे तीन महिने स्वच्छ राहिले, दुसऱ्यांदा दीड महिना आणि तिसऱ्यांदा जेमतेम तीन आठवडे. ही घटत जाणारी मुदत लक्षात आली तेव्हा कुठे कोडं सुटायला लागलं. नुसता मळ असता तर दर वेळी साधारण तेवढ्याच दिवसांनी परत साचला असता. तो लवकर साचायला लागला याचा अर्थ सांधाच बदलत होता. टॉर्च ओट्याला समांतर, अगदी आडवी धरून पाहिलं. सांधा टाइलच्या कडेपेक्षा जवळजवळ मिलीमीटरभर खाली गेला होता. त्याचा पृष्ठभाग खरबरीत झाला होता, त्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती आणि नख फिरवलं की फिकट पूड नखात येत होती. क्लीनरची बाटली उलटी करून वाचली तर त्यात आम्ल. सिमेंटचा सांधा आम्लात झिजतो. दर घासणीला मी काळ्या थराबरोबर सांध्याचाही एक थर काढत होते, आणि खाली उरलेला सांधा आधीपेक्षा जास्त पाणी आणि तेल शोषत होता.

म्हणून काहीही तपासण्याआधी आम्लाचा क्लीनर बंद करा. व्हिनेगर आणि लिंबाचा रस हेही आम्लच आहे. घरगुती आहे म्हणून ते सिमेंटला सोडत नाही. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: आम्लाचा क्लीनर आणि ब्लीच एकत्र कधीही वापरू नका, एकापाठोपाठ एकसुद्धा नको. दोन्हींच्या संयोगातून क्लोरीन वायू सुटतो आणि स्वयंपाकघरासारख्या लहान खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

डाग नेमका कसला आहे

काळं दिसणारं सगळं एकाच जातीचं नसतं. सिंकजवळचा काळेपणा बहुधा बुरशीचा असतो आणि शेगडीजवळचा तपकिरी, चिकट थर तेलाच्या वाफेवर बसलेल्या धुळीचा. फरक ओळखायला कापसाचा बोळा पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवून सांध्यावर एका जागी ठेवा. आधी तो सांधा साध्या पाण्यानं धुतलेला असावा आणि खिडकी उघडी असावी. काही मिनिटांत तेवढी जागा उजळली तर बुरशी. रंग जसाच्या तसा राहिला तर तेल. तेलाच्या थरावर ब्लीच फुकट जातं. त्याला गरम पाणी, भांड्यांचा साबण किंवा धुण्याचा सोडा लागतो, आणि घासण्यापूर्वी दहा मिनिटं भिजत ठेवायचा धीर लागतो.

तेलाचं प्रकरण तिथेच संपतं, कारण ते वरून येतं आणि वरच राहतं. बुरशीचं तसं नाही. बुरशी परत येते म्हणजे ती जागा वाळतच नाही, आणि ती का वाळत नाही हाच खरा प्रश्न आहे.

हे तपासायला रात्री ओटा पूर्ण कोरडा पुसा आणि काही तास तसाच राहू द्या. मग संशयित सांध्यावर तळहाताएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. चोवीस तासांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव साचलं असेल तर ओल आतून बाहेर येते आहे. सिंकची कड, नळाचा तळ, भिंतीतली पाइप, यापैकी कुठेतरी पाणी टाइलच्या मागे उतरतंय. तुकडा कोरडा राहिला तर ओल वरूनच येते, आणि उपाय त्या मानानं सोपा आहे.

माझ्याकडे दव साचलं होतं. जागा सापडायला मात्र वेळ लागला, कारण मी सिंककडे पाहत होते आणि चूक होती ओटा आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात. तिथल्या सांध्यातही टाइलमधल्या सांध्यांसारखंच सिमेंटचं ग्राउट, म्हणजे फटी भरायचं मिश्रण, भरलेलं होतं. ओटा एका दिशेनं हलतो, भिंत दुसऱ्या. ओट्यावर जड भांडी येतात-जातात, शेगडीमुळे तो तापतो, निवतो. ही हालचाल केसाएवढी असते, पण ग्राउट ताठ असतं, ते तेवढीही सोसत नाही. कोपऱ्यात लांबच लांब बारीक भेग पडली होती, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी. ओटा पुसताना मी ओला फडका त्याच कोपऱ्यात दाबून फिरवायचे. दर वेळी थोडं पाणी त्या भेगेतून आत जात होतं आणि मागून हळूहळू सगळ्या सांध्यांत पसरत होतं.

दोन पातळ्या जिथे मिळतात तिथे ग्राउट भरायचंच नाही. ओटा-भिंत, भिंत-भिंत, सिंक-ओटा, या प्रत्येक रेषेत ताणणारं सीलंट हवं. स्वयंपाकघरासाठी बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन मिळतं, ते घ्या. जुनं ग्राउट पूर्ण खरवडून काढा, पूड ब्रशनं झाडा, जागा दोन-तीन दिवस वाळू द्या आणि मगच सिलिकॉन भरा. ओलीवर भरलेलं सिलिकॉन कडेनं सुटतं आणि आधीपेक्षा वाईट खिसा तयार होतो. ही एक रेष बदलल्यावर माझी निम्मी तक्रार मिटली, सांध्यांना हात लावण्याआधीच.

सांध्यावर काळं न दिसता पांढरी भुकटी दिसत असेल तर ते सिमेंटमधले क्षार आहेत. पाणी आत जातं, क्षार विरघळवतं, वर येतं आणि वाळताना ते मागे सोडतं. नव्या कामावर सुरुवातीचे काही आठवडे हे होऊ शकतं आणि कोरड्या ब्रशनं निघून जातं. वर्ष उलटूनही येत राहिलं तर वरची प्लास्टिकची चाचणी लावा.

टाइलवर टिचकी मारून पाहा

लाकडी चमच्याच्या दांड्यानं ओट्यावरची आणि भिंतीवरची प्रत्येक टाइल मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत ठोका. भरीव टाइलचा आवाज बुटका, दबका येतो. पोकळ असेल तर ढबढब वाजते, फरक लगेच कळतो. पोकळ वाजणाऱ्या टाइल आणि काळे पडणारे सांधे यांचा नकाशा कागदावर काढा. दोन्ही एकाच जागी येत असतील तर आत पाणी साठायला जागा आहे.

पोकळी राहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टाइलच्या पाठीवर सिमेंटच्या मसाल्याचे चार-पाच गोळे लावून ती भिंतीवर दाबणं. काम भराभर होतं, पातळीही झटकन जुळते, पण गोळ्यांच्या मधली जागा रिकामीच राहते. खाचांच्या थापीनं चिकटवणी सर्वत्र पसरवून टाइल बसवली तर अशी पोकळी राहत नाही. कोरड्या जागी टाइलच्या पाठीचा किमान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के भाग चिकटवणीनं भरलेला असावा, हा टाइलकामातला रूढ निकष आहे. काम चालू असताना एखादी नुकतीच बसवलेली टाइल उचलून पाठ पाहायला सांगा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

व्हिट्रिफाइड टाइल साध्या सिमेंटच्या मसाल्यावर बसवली असेल तर पोकळपणाची शक्यता आणखी वाढते. ती पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे सिमेंटला तिच्या पाठीत धरायला काही मिळत नाही. तिला पॉलिमर मिसळलेली चिकटवणी लागते. पिशवीवर सी-२ असा वर्ग लिहिलेला असतो. सी-१ ची पकड किमान ०.५ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर असावी लागते, सी-२ ची किमान १, म्हणजे दुप्पट.

डाग सांध्यात नाही, टाइलमध्येच दिसतोय

इथे सफाईचा विषय संपतो आणि निवडीचा सुरू होतो.

पहिलं कारण, ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) नसलेली पॉलिश व्हिट्रिफाइड टाइल. भट्टीतून निघालेल्या टाइलच्या आत बंद, सूक्ष्म छिद्रं असतात. चकाकी आणण्यासाठी वरचा थर घासला की ती छिद्रं उघडी पडतात. कारखान्यात त्यावर संरक्षक लेप देतात, पण ओट्यासारख्या रोज घासल्या जाणाऱ्या जागी तो झिजतो आणि मग तेल आत उतरतं. अशा टाइलवर मधोमध धूसर, कडा नसलेले ठिपके दिसतात आणि ते कशानंच निघत नाहीत. आत मुरणारं सीलर लावल्यानं पुढचे डाग टळतात, जुने जातीलच असं नाही.

दुसरं, ग्लेझला पडलेली जाळी. पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या पेननं टाइलवर एक जाड रेघ ओढा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा शाई धरून राहिल्या तर ग्लेझ तडकलेलं आहे. सच्छिद्र मातीची टाइल वर्षानुवर्षं ओल शोषत किंचित फुगते. वरचं ग्लेझ काचेसारखं, ते फुगत नाही, ताण पडून तडकतं. शेगडीमागे ताप आणि वाफ दोन्ही असतात, म्हणून जाळी तिथे आधी दिसते. जाळी पडलेली टाइल बदलण्यापलीकडे उपाय नाही.

तिसरं, भिंतीची टाइल ओट्यावर बसवलेली असणं. हे वाटतं त्यापेक्षा खूप जास्त घरांत होतं, कारण भिंतीच्या टाइलमध्ये रंग आणि नक्षी भरपूर मिळते. तिचं ग्लेझ घर्षणासाठी बनवलेलंच नसतं. भांडी सरकवून सरकवून ग्लेझ ओरखडतं, आणि ओरखड्यात जे बसतं ते डाग म्हणून दिसतं. खिडकीतून तिरपा उजेड येत असताना खाली वाकून पाहा. शेगडीच्या पुढच्या हातभर पट्ट्यात एकाच दिशेचे शेकडो बारीक चरे दिसतील आणि भिंतीलगतची त्याच रंगाची टाइल मात्र गुळगुळीत असेल.

मग टाइल निवडायची कशी

खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात पहिला आकडा पाणी शोषण्याचा पाहा. आयएसओ १३००६ या आंतरराष्ट्रीय मानकात टाइलचे गट याच आकड्यावरून पडतात. वजनाच्या ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषणारी ती पोर्सिलेन किंवा व्हिट्रिफाइड, आणि १० टक्क्यांहून जास्त शोषणारी ती भिंतीची टाइल. डोळ्यांसमोर आणायचं तर असं: एक किलोची व्हिट्रिफाइड टाइल जास्तीत जास्त पाच ग्रॅम पाणी घेईल, भिंतीची टाइल शंभर ग्रॅमहून अधिक. माहितीपत्रक नसेल तर टाइल उलटी करा आणि पाठीवर पाण्याचा थेंब टाका. भिंतीच्या टाइलवर तो बघता बघता मुरतो आणि गडद डाग राहतो. व्हिट्रिफाइडवर तो थेंब म्हणूनच बसून राहतो.

दुसरा आकडा डागरोधाचा, आयएसओ १०५४५-१४ या चाचणीचा. त्यात १ ते ५ वर्ग असतात आणि ५ म्हणजे डाग नुसत्या गरम पाण्यानं निघतो. ओट्यासाठी ५ च घ्या, इथे तडजोड करू नका. तिसरा, ग्लेझ असलेल्या टाइलच्या झिजेचा वर्ग, ज्याला पीईआय म्हणतात. तो फरशीवरच्या वापरासाठी ठरवलेला असला तरी ओट्यासाठी अंदाज घ्यायला उपयोगी पडतो. शून्य किंवा १ असेल तर ती टाइल भिंतीवरच राहू दे.

माझा कौल ओट्यासाठी ग्लेझ्ड व्हिट्रिफाइडला, तीही साटिन फिनिशची. आरशासारख्या चकचकीत, गडद टाइलवर प्रत्येक ओरखडा आणि पाण्याचा प्रत्येक वाळलेला थेंब दिसतो. अगदी खरबरीत मॅट टाइलच्या खळग्यांत तेल बसतं आणि फडका वरून निसटून जातो. कापडासारखी गुळगुळीत पण न चमकणारी, हात फिरवल्यावर अडथळा न लागणारी, अशी मधली टाइल वर्षानुवर्षं बरी दिसते. संगमरवराचा मोह होत असेल तर एवढं लक्षात ठेवा की तो कॅल्साइटचा असतो आणि लिंबाच्या एका थेंबानंही त्याची चकाकी कायमची जाते. भिंतीवर, शेगडीपासून लांब, शोभेल. ओट्यावर नको.

आकाराचा विचार लोक दिसण्यासाठी करतात, पण सांध्यांच्या तक्रारीत निम्मा निकाल तोच ठरवतो. ५० मिलीमीटरच्या मोझॅइकमध्ये, म्हणजे छोट्या चौकोनी तुकड्यांच्या टाइलमध्ये, ३ मिलीमीटरचा सांधा ठेवला तर एकूण पृष्ठभागाचा सुमारे ११ टक्के भाग सांध्यांचाच असतो. ६०० मिलीमीटरची टाइल २ मिलीमीटरच्या सांध्यानं बसवली तर हा भाग १ टक्क्याहूनही कमी. मोझॅइक मनापासून आवडत असेल तर नजरेच्या उंचीवर एक पट्टा करा, सिंकमागे मात्र मोठी टाइल लावा.

सांधाच नको, टाइलला टाइल भिडवून बसवा, असं सांगण्याची पद्धत पडली आहे. ऐकू नका. कोणत्याच दोन टाइल मापानं तंतोतंत सारख्या नसतात. भिडवलेल्या टाइलमध्येही केसाएवढी फट राहते, तिच्यात ग्राउट शिरत नाही, पाणी मात्र शिरतं. कडा यंत्रानं कापून सरळ केलेल्या टाइललाही २ मिलीमीटरचा सांधा हवा, मध्ये स्पेसर (अंतर सारखं राखणारे छोटे तुकडे) लावून.

फरशीचं थोडक्यात: तिथे घसरण्याचा प्रश्न आधी येतो. तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवून घेतलेल्या चाचणीतून आर-९ ते आर-१३ असे वर्ग ठरतात. स्वयंपाकघराला आर-१० पुरेसा वाटतो. त्यापुढे पकड वाढते, तशी फरशी पुसायला जड जाते.

आहे तो ओटा न तोडता

टाइल भरीव वाजत असतील, जाळी नसेल आणि मागून येणारी ओल थांबली असेल, तर फक्त सांधे बदलून काम भागतं. जुनं ग्राउट निदान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत काढावं लागतं. वरवर खरवडून त्यावर नवा पातळ थर दिला तर तो काही महिन्यांत पापुद्र्यासारखा निघतो. ओट्यावर आणि शेगडीमागे एपॉक्सी ग्राउट भरा. ते राळ आणि हार्डनर मिसळून बनतं, पाणी जवळजवळ शोषत नाही आणि लिंबू-व्हिनेगरला दाद देत नाही. मात्र ते हाताळायला अवघड असतं. भांड्यातच घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडं थोडं कालवायचं. टाइलवर राहिलेला धूसर थर त्याच दिवशी पुसला नाही तर तो टाइलचाच भाग होऊन बसतो. खिडकीतून थेट ऊन पडणाऱ्या जागी पांढरं एपॉक्सी पुढे पिवळट पडतं, तिथे राखाडी घ्या.

बाकी भिंतीवर सिमेंटचं ग्राउट चालतं. कालवताना त्यात जास्त पाणी घालू देऊ नका, पाणी जास्त झालं की तेच टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ३ मिलीमीटरपर्यंतच्या सांध्याला बारीक ग्राउट, त्याहून रुंद सांध्याला वाळूचं. पूर्ण वाळल्यावर आत मुरणारं सीलर लावा. पुढे अधूनमधून सांध्यावर पाण्याचा थेंब टाकून बघायचं. थेंब उभा राहिला तर सीलर शाबूत आहे, सांधा गडद झाला तर परत लावायची वेळ आली.

माझ्या ओट्याच्या आठ टाइल पोकळ निघाल्या, त्यामुळे तेवढा भाग नवा करावा लागला. दोन नमुने घरी आणले होते. रात्री दोन्हींवर तेलाचा थेंब, शाईची रेघ, लिंबाचा रस आणि ओल्या लोखंडी झाकणाचा गोल ठसा असं ओळीनं करून खिडकीत ठेवलं आणि सकाळी दोन्ही एकाच फडक्यानं, गरम पाण्यानं पुसले. पहिल्यावर शाईची फिकट सावली राहिली आणि गंजाचं वर्तुळ स्पष्ट दिसत होतं. दुसरा कोरा झाला. त्याच टाइल बसवल्या. उरलेल्या चार टाइल, पाठीवर खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि ग्राउटची छटा लिहून, ओट्याखालच्या कप्प्यात उभ्या ठेवल्या आहेत, कारण पुढे एखादी फुटली तर दुसऱ्या बॅचची त्याच नावाची टाइलही रंगाला जुळेलच असं नसतं.